नागरी स्वातंत्र्य चळवळ आणि अभिव्यक्तिस्वातंत्र्य : महाराष्ट्रातील बदलत्या निष्ठेची चिकित्सा

प्रस्तावना

नागरी स्वातंत्र्याच्या संघटना आणि अभिव्यक्तिस्वातंत्र्य यांचे नाते सामान्यतः गृहीत धरले जाते. जी संघटना नागरिकांच्या हक्कांसाठी उभी आहे ती भाषण, लेखन, सभा व प्रकाशन यांच्या स्वातंत्र्यासाठीही सर्व काळी सारख्याच ठामपणे उभी असेल, असा समज रूढ आहे. इतिहास मात्र या समजाला पुष्टी देत नाही. संघटनांची घोषणा तीच राहिली, तरी त्या घोषणेचा आशय प्रत्येक कालखंडात बदलत गेला. कोणाच्या अभिव्यक्तीचे रक्षण करायचे, ते कोणापासून करायचे आणि त्यासाठी कोणता उपाय योजायचा, या तीन प्रश्नांची उत्तरे 1936 मध्ये एक होती, 1976 मध्ये दुसरी, 1993 मध्ये तिसरी आणि 2018 नंतर चौथी.

प्रस्तुत लेखात महाराष्ट्राच्या, विशेषतः मराठवाड्याच्या संदर्भात या बदलांची चिकित्सा करण्यात आली आहे. या बदलाकडे पाहण्याच्या दोन प्रचलित दृष्टी आहेत. एका दृष्टीनुसार चळवळीने आपल्या मूळ तत्त्वाशी प्रतारणा केली. दुसऱ्या दृष्टीनुसार भाबड्या उदारमतवादाकडून सामाजिक न्यायाच्या परिपक्व जाणिवेकडे झालेला हा प्रवास आहे. या दोन्ही दृष्टी अपुऱ्या आहेत, असे प्रस्तुत विवेचनाचे प्रतिपादन आहे. चळवळीचे अनुभवविश्व विस्तारत गेले हे खरे. परंतु त्या अनुभवांतून टिकाऊ निकष तयार झाला नाही, ही तिची खरी उणीव होय.

परकी सत्ता, स्वकीय सत्ता

महाराष्ट्राच्या सार्वजनिक जीवनात अभिव्यक्तीचा प्रश्न राजद्रोहाच्या खटल्यांतून प्रथम ठळकपणे पुढे आला. लोकमान्य टिळकांवरील 1897 च्या खटल्यानंतर लगेचच, 1898 मध्ये, भारतीय दंडसंहितेतील राजद्रोहाचे कलम 124 अ अधिक व्यापक करण्यात आले आणि त्याच दुरुस्तीने 153 अ हे नवे कलम दाखल झाले. विविध वर्गांमध्ये वैरभाव वाढविणाऱ्या शब्दांना शिक्षा करणारे हे कलम पुढील विवेचनात वारंवार येणार आहे. त्याचा जन्म अल्पसंख्याकांच्या किंवा दुर्बलांच्या संरक्षणाच्या मागणीतून झालेला नाही. देशी वृत्तपत्रांवर वचक बसविण्याच्या काळात तो झाला, हे ध्यानात ठेवणे आवश्यक आहे.

संघटित स्वरूपात नागरी स्वातंत्र्याची चळवळ 1936 मध्ये सुरू झाली. पंडित जवाहरलाल नेहरूंच्या पुढाकाराने त्या वर्षी मुंबईत इंडियन सिव्हिल लिबर्टीज युनियनची स्थापना झाली. रवींद्रनाथ टागोर तिचे अध्यक्ष आणि सरोजिनी नायडू कार्याध्यक्ष होत्या. मतभेद असलेल्या सर्व पक्षांच्या लोकांनी केवळ नागरी हक्कांच्या प्रश्नावर एकत्र यावे, ही संघटनेमागील कल्पना होती. परकी सरकार समोर असताना ही कल्पना सोपी होती, कारण बंदी घालणारा एकच होता आणि बंदी सोसणारे सर्व आपले होते.

एका वर्षातच परिस्थिती पालटली. 1937 मध्ये प्रांतांत काँग्रेसची मंत्रिमंडळे आली. मुंबई प्रांतात बाळासाहेब खेर मुख्यमंत्री आणि कन्हैयालाल मुन्शी गृहमंत्री झाले. जे कायदे कालपर्यंत जुलमी म्हटले जात होते ते आता स्वकीय मंत्र्यांच्या हाती आले. मुंबई सरकारच्या औद्योगिक कलह विधेयकाविरुद्ध 7 नोव्हेंबर 1938 रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा स्वतंत्र मजूर पक्ष आणि कम्युनिस्ट यांनी मिळून संप केला. तत्पूर्वी सप्टेंबर 1938 मध्ये अखिल भारतीय काँग्रेस समितीने ठराव करून हिंसेची चिथावणी व उघड असत्याचा प्रचार नागरी स्वातंत्र्यात मोडत नाही असे जाहीर केले होते. त्या ठरावाच्या निषेधार्थ डाव्या सभासदांनी सभात्याग केला. तत्त्व म्हणून हा ठराव चुकीचा होता असे म्हणता येणार नाही. परंतु तो सत्ता हाती आल्यावरच आवश्यक वाटला, ही बाब दुर्लक्षिता येत नाही. ज्या संघटनेचा आधार काँग्रेसच होती ती काँग्रेसच्याच सरकारांना जाब विचारताना क्षीण होत गेली. नागरी स्वातंत्र्याची निष्ठा सत्ताधाऱ्याच्या ओळखीवर अवलंबून राहते, हा पुढे अनेकदा आलेला अनुभव येथे पहिल्यांदा आला.

मराठवाड्याचा अनुभव वेगळा आणि अधिक कठोर होता. निजामाच्या हैदराबाद संस्थानात गश्ती निशाण 53 सारख्या हुकुमांमुळे सार्वजनिक सभेसाठी पूर्वपरवानगी बंधनकारक होती. 1937 मध्ये परतूर येथे महाराष्ट्र परिषदेचे पहिले अधिवेशन झाले. 1938 मध्ये हैदराबाद स्टेट काँग्रेसवर तिच्या विधिवत स्थापनेपूर्वीच बंदी घालण्यात आली. त्याच वर्षी औरंगाबादच्या इंटरमीजिएट कॉलेजच्या वसतिगृहात 'वंदे मातरम्' म्हणण्यावरून विद्यार्थ्यांवर कारवाई झाली आणि संस्थान सोडून अनेकांना नागपूरला शिक्षण घ्यावे लागले. मराठवाड्यातील सुशिक्षित पिढीने नागरी स्वातंत्र्याचा पहिला धडा महाविद्यालयाच्या आवारातच घेतला, असे म्हणणे अतिशयोक्तीचे ठरू नये. स्वामी रामानंद तीर्थ, गोविंदभाई श्रॉफ, अनंत भालेराव यांच्या सार्वजनिक जीवनाची घडण याच वातावरणात झाली.

आणीबाणी : निष्ठेचा स्पष्ट क्षण

स्वातंत्र्यानंतर मुंबईहून निघणाऱ्या 'क्रॉसरोड्स' या साप्ताहिकावर मद्रास सरकारने बंदी घातली. सर्वोच्च न्यायालयाने ती 26 मे 1950 रोजी रद्द केली. पुढील वर्षी पहिल्या घटनादुरुस्तीने अनुच्छेद 19(2) मध्ये सार्वजनिक सुव्यवस्थेचे कारण समाविष्ट झाले. तथापि चळवळीच्या दृष्टीने निर्णायक क्षण 1975 चा होता.

आणीबाणीच्या काळात मुंबईने दोन महत्त्वाचे न्यायालयीन लढे पाहिले. 1975 मध्ये नागरी स्वातंत्र्य व कायद्याचे राज्य या विषयावरील वकिलांच्या खासगी सभेस पोलीस आयुक्तांनी परवानगी नाकारली. एन. पी. नथवानी यांच्या याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयाने तो आदेश बेकायदा ठरविला. मिनू मसानी यांच्या 'फ्रीडम फर्स्ट' या मासिकातील अकरा मजकुरांना सेन्सॉरने मनाई केली होती. 10 फेब्रुवारी 1976 रोजी न्या. मदन व न्या. कानिया यांच्या खंडपीठाने मसानींच्या बाजूने निकाल दिला. 1975 च्या कऱ्हाड येथील साहित्य संमेलनाच्या अध्यक्षपदावरून दुर्गाबाई भागवत यांनी घेतलेली भूमिका आणि पुढे त्यांना झालेली अटक सर्वश्रुत आहे. औरंगाबादेत दैनिक 'मराठवाडा'चे संपादक अनंत भालेराव यांना तुरुंगवास भोगावा लागला.

याच काळात, ऑक्टोबर 1976 मध्ये, जयप्रकाश नारायण यांच्या प्रेरणेने पीपल्स युनियन फॉर सिव्हिल लिबर्टीज अँड डेमोक्रॅटिक राइट्स ही संघटना स्थापन झाली. सासवड येथे जन्मलेले, मुंबई उच्च न्यायालयाचे माजी न्यायमूर्ती वि. म. तारकुंडे हे तिच्या अग्रणींपैकी होते. मानवेंद्रनाथ रॉय यांच्या नवमानवतावादी परंपरेतून आलेल्या तारकुंडे यांच्या दृष्टीने व्यक्ती हे मूल्याचे अंतिम एकक होते. म्हणूनच समाजवादी, संघाचे स्वयंसेवक, कम्युनिस्ट अशा परस्परविरोधी विचारांच्या बंदींसाठी एकाच वेळी उभे राहणे या परंपरेला अवघड गेले नाही.

परंतु 1977 नंतर काय झाले, हे अधिक बोलके आहे. जनता पक्षाचे सरकार येताच, आणीबाणीतील अनेक सहकारी मंत्री झाल्यावर, ही संघटना जवळपास निद्रिस्त झाली. 1980 मध्ये इंदिरा गांधी पुन्हा सत्तेवर आल्यानंतर नोव्हेंबर 1980 मध्ये तिची पीयूसीएल म्हणून पुनर्बांधणी करावी लागली. दिल्लीतील पीयूडीआर स्वतंत्रपणे काम करू लागली. मुंबईत कमिटी फॉर द प्रोटेक्शन ऑफ डेमोक्रॅटिक राइट्स (सीपीडीआर) कार्यरत होती. 1937 चा अनुभव चाळीस वर्षांनी पुन्हा आला. मित्र सत्तेवर असताना निष्ठा सैल होते, हा दोन्ही वेळचा निष्कर्ष आहे.

1978 : समाजाकडून येणारा धोका

आणीबाणीने चळवळीला शिकविलेला धडा असा होता की, अभिव्यक्तीचा शत्रू राज्यसंस्था आहे. मराठवाड्याने लवकरच हा धडा अपुरा ठरविला. 27 जुलै 1978 रोजी राज्य विधिमंडळाने मराठवाडा विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे नाव देण्याचा ठराव केला आणि त्यानंतर मराठवाड्यातील दलित वस्त्यांवर हल्ले झाले. माणसे मारली गेली, घरे जाळली गेली. हे करणारे सरकार नव्हते. गावातील शेजारी होते.

या प्रश्नावर नागरी स्वातंत्र्याची जुनी आघाडी दुभंगली. निजामाविरुद्ध आणि आणीबाणीविरुद्ध लढलेले गोविंदभाई श्रॉफ व अनंत भालेराव नामांतराच्या विरोधात राहिले, एस. एम. जोशी, बाबा आढाव आदी समाजवादी नामांतराच्या बाजूने उभे राहिले. अत्याचारविरोधी समितीने दंगलग्रस्त भागाची पाहणी करून 1979 मध्ये आपला अहवाल प्रसिद्ध केला. या अहवालाच्या पद्धतीतच एक नवी दिशा होती. अशा पाहणीत पोलिसांनी काय केले यासोबतच जमीन कोणाची, गावाची सत्ता कोणाकडे आणि हल्ल्यापूर्वी वातावरण कसे तापविले गेले हेही प्रश्न अपरिहार्य ठरतात. शब्दांचा आणि आगीचा संबंध चळवळीच्या विचारकक्षेत आला, तो येथून.

ही बाब अभिव्यक्तिस्वातंत्र्याच्या निखळ पुरस्काराला आव्हान देणारी होती. ज्याच्या घराला आग लागण्याची शक्यता नाही त्याला चिथावणीखोर शब्द सहन करणे परवडते. ज्याचे घर गावकुसाबाहेर आहे त्याला ते परवडत नाही. डॉ. आंबेडकरांनी 4 नोव्हेंबर 1948 रोजी घटना समितीत मूलभूत हक्कांवरील मर्यादांचे समर्थन केले, तेव्हा अमेरिकेतील हक्कही निरपवाद नाहीत, हे त्यांनी तेथील न्यायनिर्णयांचा दाखला देऊन दाखविले होते. आंबेडकरी परंपरा अभिव्यक्तीबाबत निरंकुशतावादी नाही, याची ही साक्ष आहे.

तथापि या परंपरेला दुसऱ्या बाजूचा अनुभवही लवकरच आला. महाराष्ट्र शासनाने डॉ. आंबेडकरांच्या समग्र लेखनाचा चौथा खंड 1987 मध्ये प्रसिद्ध केला. त्यातील 'रिडल्स इन हिंदुइझम'मधील राम व कृष्ण यांच्याविषयीच्या परिशिष्टावरून वादळ उठले. भावना दुखावल्याच्या कारणावरून ते परिशिष्ट वगळण्याची मागणी झाली आणि शासन डळमळले. दलित समाज मोठ्या संख्येने मुंबईच्या रस्त्यावर उतरला. अखेरीस शासन या मतांशी सहमत नसल्याची टीप घालून मजकूर कायम राहिला. दहा वर्षांच्या अंतराने एकाच समाजाला दोन गोष्टींची गरज भासली : चिथावणीपासून संरक्षणाची आणि दुखावणाऱ्या चिकित्सेच्या स्वातंत्र्याची. या दोहोंना सामावून घेणारा निकष मांडणे हे चळवळीचे काम होते. ते त्या वेळी झाले नाही.

1993 : उपायाची उलटापालट

डिसेंबर 1992 व जानेवारी 1993 मधील मुंबईच्या दंगलींनंतर हा प्रश्न अधिक तीव्र झाला. राज्याचे माजी मुख्य सचिव जे. बी. डिसूझा आणि पत्रकार दिलीप ठाकोर यांनी मुंबई उच्च न्यायालयात याचिका दाखल केली. दैनिक 'सामना'मधील अग्रलेखांबद्दल बाळ ठाकरे यांच्यावर कलम 153 अ व 153 ब अन्वये खटला भरण्यास मंजुरी देण्याचा आदेश शासनास द्यावा, अशी त्यांची मागणी होती. उच्च न्यायालयाने 1994 मध्ये याचिका फेटाळली. सर्वोच्च न्यायालयानेही जानेवारी 1995 मध्ये हस्तक्षेप करण्यास नकार दिला.

या याचिकेचे ऐतिहासिक महत्त्व तिच्या दिशेत आहे. नथवानी आणि मसानी न्यायालयात गेले ते राज्याचा हात रोखण्यासाठी. डिसूझा गेले ते राज्याचा हात पुढे करविण्यासाठी. या मागणीमागील नैतिक तळमळ निर्विवाद आहे. न्या. दाऊद व न्या. सुरेश यांनी 1993 मध्ये केलेली लोकचौकशी आणि 1998 मध्ये सादर झालेला न्या. श्रीकृष्ण आयोगाचा अहवाल पाहता दंगलीतील प्रक्षोभक लेखनाचा प्रश्न काल्पनिक नव्हता. तरीही उपायाची मर्यादा लगेच दिसून आली. 153 अ खालील खटल्यास शासनाची पूर्वमंजुरी लागते. म्हणजेच हे हत्यार कोणावर चालवायचे आणि कोणावर नाही, हे सत्ताधारीच ठरवितात. जुलै 2000 मध्ये ठाकरे यांना या प्रकरणात अटक झाली तेव्हा मुदत उलटून गेल्याच्या कारणावरून न्यायालयाने प्रकरण त्याच दिवशी निकाली काढले. बलवानाविरुद्ध कलम बोथट ठरले.

दुर्बलांविरुद्ध आणि अभ्यासकांविरुद्ध मात्र तेच कलम धारदार राहिले. जेम्स लेन यांच्या शिवाजी महाराजांवरील इंग्रजी ग्रंथावरून 5 जानेवारी 2004 रोजी पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्थेवर हल्ला झाला. हल्लेखोरांवरील कारवाईपेक्षा ग्रंथावरील बंदी आणि 153 अ खालील गुन्हा हीच शासनाची ठळक कृती ठरली. लेखक व प्रकाशक यांच्यावरील फौजदारी प्रकरण सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल 2007 मध्ये रद्द केले आणि वैरभाव वाढविण्याचा हेतू हा या गुन्ह्याचा गाभा असल्याचे स्पष्ट केले. ग्रंथावरील बंदीला अधिवक्ता संघराज रूपवते, चित्रपटकार आनंद पटवर्धन आणि कार्यकर्त्या कुंदा प्रमिला नीळकंठ यांनी आव्हान दिले. उच्च न्यायालयाने 2007 मध्ये आणि सर्वोच्च न्यायालयाने 9 जुलै 2010 रोजी बंदी अवैध ठरविली. ग्रंथातील मताशी सहमती नसतानाही त्याच्या अस्तित्वाचा हक्क राखणारी ही याचिका म्हणजे आणीबाणीतील परंपरेचे पुनरुज्जीवन होय. परंतु हे कार्य मोठ्या संघटनांपेक्षा मोजक्या व्यक्तींनी अंगावर घेतले, हेही नोंदविले पाहिजे.

'मी नथुराम गोडसे बोलतोय' या नाटकाचे प्रयोग 1998 मध्ये थांबविले गेले, तेव्हा पुरोगामी वर्तुळापुढे अधिक कठीण प्रश्न उभा राहिला होता. गांधीहत्येचे समर्थन ज्यांना घृणास्पद वाटते त्यांनी त्या नाटकाच्या प्रयोगाचा हक्क मान्य करावा काय? या प्रश्नाचे नि:संदिग्ध उत्तर देणारे आवाज थोडे होते. आणि बरोबर याच काळात गांधींच्याच नावाने दुसरे एक प्रकरण मराठवाड्यात संथपणे पुढे सरकत होते.

एका बुलेटिनची कथा

वसंत दत्तात्रेय गुर्जर यांची 'गांधी मला भेटला' ही कविता बँक कर्मचारी संघटनेच्या अंतर्गत वितरणाच्या बुलेटिनमध्ये 1994 च्या जुलै-ऑगस्ट अंकात पुनर्मुद्रित झाली. बुलेटिनचे प्रकाशक देविदास तुळजापूरकर होते. पतित पावन संघटनेच्या कार्यकर्त्याने पुण्यात तक्रार केली आणि प्रकरण लातूरच्या गांधी चौक पोलीस ठाण्याकडे वर्ग झाले. 153 अ व 153 ब ही कलमे दंडाधिकाऱ्यांनी गळून टाकली. परंतु अश्लीलतेचे कलम 292 उरले. सत्र न्यायालय, उच्च न्यायालयाचे औरंगाबाद खंडपीठ असा प्रवास करीत प्रकरण सर्वोच्च न्यायालयात पोहोचले आणि 14 मे 2015 रोजी निकाल लागला. अंक प्रसिद्ध झाल्यापासून या निकालापर्यंत जवळपास एकवीस वर्षे लोटली होती.

न्या. दीपक मिश्रा व न्या. प्रफुल्ल पंत यांच्या खंडपीठाने प्रकाशक व मुद्रक यांना मुक्त केले, कारण पुढील अंकात बिनशर्त माफी मागण्यात आली होती. कवीवरील खटला मात्र चालू ठेवण्यात आला. त्याहून दूरगामी बाब म्हणजे, ऐतिहासिक आदरणीय व्यक्तींच्या मुखी अश्लील मानली जाणारी भाषा घातल्यास अश्लीलतेची कसोटी अधिक कडक लागू होते, असे तत्त्व न्यायालयाने मांडले.

या निकालाची दोन अंगे चळवळीच्या दृष्टीने चिंतनीय आहेत. एक, माफी मागणारा सुटतो आणि न मागणारा अडकतो, असा संदेश त्यातून जातो. छोट्या प्रकाशनांनी, संघटनांच्या बुलेटिनांनी, महाविद्यालयांच्या वार्षिकांकांनी त्यातून कोणता बोध घ्यावा, हे वेगळे सांगण्याची गरज नाही. कविता छापण्यापूर्वी संपादकाच्या मनात उभा राहणारा पोलीस कोणत्याही सेन्सॉरपेक्षा कार्यक्षम असतो. दोन, 'आदरणीय व्यक्ती' ही कोटी एकदा मान्य झाली की तिची यादी कोठे संपते याला उत्तर नाही. ज्या महाराष्ट्रात प्रत्येक समाजाला आपापले दैवत आहे, तेथे इतिहासलेखन, विडंबन आणि कविता या तिन्हींच्या डोक्यावर ही तलवार टांगती राहते. गांधींची प्रतिमा वापरून गांधींच्या नावाने चाललेल्या व्यवहाराची झाडाझडती घेणे आणि गांधींचा अवमान करणे, यांतील भेद साहित्याचा अध्यापक वर्गात रोज समजावून सांगतो. हा भेद न्यायालयीन कसोटीत उतरविणे हे साहित्यिक संस्था आणि नागरी स्वातंत्र्य चळवळ यांचे समाईक कार्य होते.

2018 नंतर : कलमाचे परत फिरणे

डॉ. नरेंद्र दाभोलकर यांची 20 ऑगस्ट 2013 रोजी पुण्यात हत्या झाली. कॉ. गोविंद पानसरे यांच्यावर फेब्रुवारी 2015 मध्ये कोल्हापुरात गोळ्या झाडल्या गेल्या. अभिव्यक्तीचा शत्रू राज्यसंस्थेबाहेरही असतो, हे आता सिद्ध करण्याची गरज उरली नाही. त्याच काळात पीयूसीएल माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम 66 अ विरुद्धच्या याचिकाकर्त्यांपैकी एक होती. पालघरच्या दोन तरुणींना 2012 मध्ये झालेली अटक या लढ्याचे निमित्त होती आणि 24 मार्च 2015 रोजी ते कलम घटनाबाह्य ठरले. संघटना आपल्या मूळ कार्याला पूर्णतः विसरल्या नव्हत्या, याची ही नोंद न्याय्यपणे घेतली पाहिजे.

31 डिसेंबर 2017 रोजी पुण्याच्या शनिवारवाड्यावर एल्गार परिषद झाली आणि दुसऱ्या दिवशी भीमा कोरेगाव परिसरात हिंसा उसळली. परिषदेतील भाषणे व गीते यांबद्दल जानेवारी 2018 मध्ये नोंदविलेल्या गुन्ह्यात 153 अ हेच कलम होते. पुढे त्याला बेकायदा कृत्ये प्रतिबंधक कायद्याची जोड मिळाली. अटक झालेल्यांत 'विद्रोही'चे संपादक सुधीर ढवळे, पीयूसीएलच्या सुधा भारद्वाज, सीपीडीआरशी संबंधित आनंद तेलतुंबडे यांचा समावेश होता. 1993 मध्ये नागरी स्वातंत्र्याच्या समर्थकांनी ज्या कलमाचा वापर व्हावा म्हणून न्यायालयाचे दार ठोठावले होते, तेच कलम पंचवीस वर्षांनी नागरी स्वातंत्र्याच्या कार्यकर्त्यांवर लावले गेले. 1993 ची मागणी आणि 2018 ची कारवाई यांत नैतिक समानता नाही. पण हत्यार एक आहे. हत्यार ज्याच्या हाती असते तो त्याचा उपयोग ठरवितो, हा धडा 1898 पासून उपलब्ध होता.

1 जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहिता अमलात आली आणि 153 अ चा आशय कलम 196 मध्ये गेला. जुलै 2025 मध्ये राज्य विधिमंडळाने विशेष जनसुरक्षा विधेयक मंजूर केले. संघटनांनी त्याला विरोध केला. हा विरोध योग्यच आहे. परंतु विरोध करणाऱ्यांनीच इतर प्रसंगी शासनाकडे अधिक कठोर अभिव्यक्तिविषयक कारवाईची मागणी केली असेल, तर त्यांच्या युक्तिवादाचे बळ कमी होते.

तुलना : एक परदेशी अनुभव

ही द्विधा केवळ येथील नाही. 1920 मध्ये स्थापन झालेल्या अमेरिकन सिव्हिल लिबर्टीज युनियनने 1977-78 मध्ये स्कोकी या ज्यू वस्तीच्या गावात नाझी गटाच्या मोर्चाच्या हक्कासाठी वकिली केली आणि त्यापायी हजारो सभासद गमावले. 2017 मध्ये शार्लट्सव्हिल येथे तिने ज्यांच्या सभेचा हक्क राखला त्या मेळाव्यात एका तरुणीचा बळी गेला. त्यानंतर 2018 मध्ये खटले निवडताना दुर्बल समाजघटकांच्या संभाव्य हानीचाही विचार करण्याची मार्गदर्शक तत्त्वे पुढे आली आणि संस्थेच्या जुन्याजाणत्यांनी त्यावर टीका केली. तरीही 2024 मध्ये याच संस्थेने, बंदुकांच्या प्रश्नावर तीव्र मतभेद असूनही, नॅशनल रायफल असोसिएशनच्या बाजूने सर्वोच्च न्यायालयात उभे राहून अभिव्यक्तीचा खटला एकमताने जिंकला. या अनुभवाचा बोध असा की, निष्ठा बदलते, तशी ती परतही येऊ शकते. फरक एवढाच की, तेथे हा वाद लिखित तत्त्वांवर जाहीरपणे झाला. महाराष्ट्रातील संघटनांत तो बहुधा प्रसंगानुरूप भूमिकांत विरून गेला.

शेजारच्या आंध्र प्रदेशात मात्र असा एक जाहीर वाद घडला होता. के. बालगोपाल यांनी राज्याच्या हिंसेबरोबर सशस्त्र चळवळींच्या हिंसेचीही चिकित्सा केली पाहिजे असा आग्रह धरला आणि 1998 मध्ये ह्यूमन राइट्स फोरमची स्थापना झाली. तत्त्वावरून फूट पडणे ही संघटनेची हानी असली तरी विचाराची ती हानी नसते.

निकषाचा प्रश्न

वरील विवेचनातून एक निकष मांडता येतो. अभिव्यक्तीमुळे होणाऱ्या तीन प्रकारच्या हानींत भेद करणे आवश्यक आहे. पहिली, विशिष्ट लोकांवर नजीकच्या हिंसेची थेट चिथावणी. दुसरी, विशिष्ट व्यक्तीचा जातीवरून चारचौघांत केलेला अवमान. तिसरी, श्रद्धास्थान, महापुरुष किंवा इतिहास यांविषयीच्या मतामुळे दुखावलेली भावना. पहिल्या दोन ठिकाणी राज्याचा हस्तक्षेप मागणे हे नागरी स्वातंत्र्याशी विसंगत नाही. 1989 च्या अत्याचार प्रतिबंधक कायद्यातील अवमानविषयक तरतुदींचे समर्थन करताना म्हणून संकोचण्याचे कारण नाही, कारण तेथे हानी ठरावीक माणसाची असते आणि ती तपासता येते. तिसऱ्या ठिकाणी मात्र हस्तक्षेपाची मागणी कोणीही, कोणत्याही उदात्त हेतूने करो, चळवळीने ती नाकारली पाहिजे.

या निकषाने 1978 आणि 1987 या दोन्ही वर्षांना सामावून घेता येते. दलित वस्तीवर चालून जा असे सांगणारा शब्द आणि रामाच्या चरित्राची चिकित्सा करणारा शब्द एका मापाने मोजले जात नाहीत. याच निकषाने लेन यांचा ग्रंथ, गुर्जर यांची कविता आणि गोडसेवरील नाटक, तिन्ही संरक्षित ठरतात. तिसरे ठरते म्हणून पहिल्या दोन्हींचा दावा खंबीर होतो. यावर एक गंभीर आक्षेप संभवतो. द्वेषाची बहुतेक भाषा थेट चिथावणी देत नाही. ती वर्षानुवर्षे जमीन तयार करते आणि आग दुसराच कोणी लावतो. हा आक्षेप खरा आहे. परंतु जमीन तयार करणाऱ्या भाषेवर फौजदारी कायदा हा उपाय किती चालतो, याचे उत्तर 1993 ते 2000 या सात वर्षांनी दिले आहे. त्या भाषेला उत्तर अहवाल, अध्यापन, वृत्तपत्र आणि संघटन यांतूनच द्यावे लागते. ते संथ आहे, पण ते उलटून अंगावर येत नाही.

समारोप

महाराष्ट्रातील नागरी स्वातंत्र्य चळवळीची अभिव्यक्तिविषयक निष्ठा कमी झाली असे सरसकट म्हणता येत नाही. ती एका प्रश्नावरून दुसऱ्या प्रश्नाकडे सरकत गेली. राज्याची भीती असताना तिने राज्याला रोखले. समाजाच्या हिंसेचा अनुभव आल्यावर तिने राज्याला बोलाविले. राज्य तिच्याच कार्यकर्त्यांपर्यंत पोहोचल्यावर ती पुन्हा पहिल्या जागी आली. प्रत्येक पाऊल त्या त्या क्षणी समजण्यासारखे होते. परंतु एका क्षणाचे शहाणपण दुसऱ्या क्षणासाठी लिहून ठेवले गेले नाही.

1938 मध्ये औरंगाबादच्या वसतिगृहातील विद्यार्थ्यांना जे गीत म्हणण्यापासून रोखले गेले, ते आवडणारे आणि न आवडणारे असे दोन्ही प्रकारचे लोक तेव्हाही होते आणि आज छत्रपती संभाजीनगरातही आहेत. त्या विद्यार्थ्यांचा हक्क मात्र गीताच्या आवडीनिवडीवर अवलंबून नव्हता. ही साधी गोष्ट ज्या दिवशी आपल्याला न आवडणाऱ्या कवितेबाबतही तितक्याच सहजतेने म्हणता येईल, त्या दिवशी या चळवळीच्या निष्ठेला स्थैर्य आले असे मानता येईल. महाविद्यालयाच्या वार्षिकांकासाठी आलेल्या एखाद्या कवितेवर निर्णय घेताना संपादक मंडळाची जी पहिली प्रतिक्रिया होते, तीच या स्थैर्याची खरी कसोटी आहे.